वेळेचा खर्च कोणी उचलायचा?
छोट्या निर्मितीसंस्था, स्वतंत्र चित्रपट आणि माहितीपट : एक आढावा

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला जागतिक कथापटांच्या स्पर्धेतलं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळालं. त्याच्या दोन वर्षं आधी याच महोत्सवात मुंबईच्या कोळी मच्छीमारांवरच्या ‘अगेन्स्ट द टाइड’ या सर्वनिक कौर यांच्या माहितीपटाला परीक्षकांनी विशेष पारितोषिक दिलं होतं. २०१४ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ व्हेनिसहून दोन पुरस्कार घेऊन आला होता. तिन्ही चित्रपटांत मराठी बोलली जाते, तिन्हींतली माणसं इथली आहेत आणि एकाही चित्रपटामागे मोठा स्टुडिओ नव्हता. होत्या त्या मोजक्या माणसांच्या, लहान जागेतून चालणाऱ्या निर्मितीसंस्था.

पुरस्काराच्या बातमीने आपल्याला आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. पण बातमीत न येणारा एक प्रश्न आहे. ही माणसं चित्रपट पुरा होईपर्यंत जगतात कशी? पहिला चित्रपट झाल्यावर दुसरा करण्याइतकं त्यांच्या हाती काय उरतं? गेल्या पन्नासेक वर्षांतला स्वतंत्र चित्रपट आणि माहितीपट पाहिला, तर उपकरणं दर दहा वर्षांनी स्वस्त होत गेलेली दिसतात. माणसांचा वेळ मात्र स्वस्त झाला नाही. विषयात मुरायला लागणारा, संकलनाला लागणारा आणि तयार चित्रपट प्रेक्षकापर्यंत नेण्याचा असा हा तिहेरी वेळ आहे. त्याचा खर्च कोण उचलतो, यावर छोट्या संस्थेचं जगणं ठरतं. या लेखात त्याच एका प्रश्नाच्या मागे जायचं आहे.

घरातून सुरू झालेला उद्योग

आपल्याकडे चित्रपट जन्मला तोच मुळी एका छोट्या निर्मितीसंस्थेत. दादासाहेब फाळके यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून इंग्लंड गाठलं, कॅमेरा आणला, पण भांडवल द्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि बीपासून रोपापर्यंतची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखवली. या छोट्या फिल्मने भांडवलदाराचं मन वळवलं. सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने गेले. फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासून युनिटच्या स्वयंपाकापर्यंतची कामं त्यांनी निभावली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आज तरुण निर्माते ज्याला पिचिंग म्हणतात, ज्याला पदरमोड म्हणतात आणि ज्या घरच्या श्रमाचा हिशेब कोणी मांडत नाही, ते सगळं या पहिल्याच चित्रपटात आहे.

पुढे स्टुडिओंचा काळ आला आणि ओसरला. स्वतंत्र निर्मात्याला आधार म्हणून सरकारने १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आणि १९७५ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, म्हणजे एनएफडीसी, स्थापन केलं. त्याच दशकात पैसा उभा करण्याच्या नव्या वाटाही शोधल्या गेल्या. ‘घाशीराम कोतवाल’ हा १९७६ चा चित्रपट पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘युक्त’ या सहकारी संस्थेने बँकेचं कर्ज काढून केला. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. दहा लाखांचं भांडवल जमलंच, शिवाय आपण पैसे घातलेला चित्रपट पाहायला ते शेतकरी मोठ्या संख्येने आले. निर्माता आणि प्रेक्षक एकच झाल्याचं एवढं मोठं उदाहरण आपल्या चित्रपटाच्या इतिहासात दुसरं क्वचितच सापडेल.

माहितीपटाची गोष्ट वेगळी होती. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि माहितीपट म्हणजे मुख्य खेळाआधी सक्तीने दाखवायची सरकारी फिल्म, हे समीकरण रूढ झालं. त्याला तडा गेला तो सत्तरच्या दशकात. आनंद पटवर्धन यांनी बिहार आंदोलनावर केलेला माहितीपट आणीबाणीत चोरून परदेशी पाठवावा लागला. १९८० मध्ये दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूत ‘युगांतर’ हा गट काढला. त्यांचा ‘मोलकरीण’ हा १९८१ चा माहितीपट पुण्यातल्या घरकामगार बायकांच्या संघटनेवर आहे, तर पुढच्या वर्षीचा निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर.

‘युगांतर’ची पद्धत जवळून पाहण्याजोगी आहे. या गटातल्या लोकांनी आधी बायकांमध्ये राहून त्यांचं बोलणं ऐकलं. वखारीतली धूळ, मजुरी, घरची मारहाण आणि संपाचे दिवस यांतलं काय दाखवायचं, हे त्यांच्याशी बोलून ठरवलं. काही प्रसंग त्या बायकांनी स्वतःच कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभे केले. फिल्म तयार झाल्यावर ती वस्त्यांमध्ये आणि संघटनांच्या बैठकांत फिरली. सोळा एमएमची रिळं महाग होती, म्हणून चित्रण जपून झालं. पण ऐकण्याचा वेळ त्यांनी हातचा राखला नाही. आज चाळीस वर्षांनंतरही त्या बायका पडद्यावर कोणाच्या सांगण्यावरून बोलताहेत असं वाटत नाही, याचं कारण या पद्धतीत आहे.

कॅमेरा हाती आला, पुढे काय?

३५ एमएम निगेटिव्हचा हजार फुटांचा डबा साधारण अकरा मिनिटं चाले. दिग्दर्शकाच्या डोक्यात त्या अकरा मिनिटांचं मीटर सतत फिरत असे. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, नव्वदीत लहान डिजिटल टेप आल्या, २००८ नंतर फोटोच्या कॅमेऱ्यावर चित्रपटाच्या तोडीचं चित्रण होऊ लागलं. आता तालुक्याच्या गावातही चांगला कॅमेरा आणि संकलनाचा संगणक भाड्याने मिळतो. हा बदल मोठा आहे आणि त्याचं मोल कमी लेखू नये. फिल्म इन्स्टिट्यूटचं तोंड न पाहिलेली, शहरात ओळखीपाळखी नसलेली मुलं बार्शी, करमाळा, सांगली, चंद्रपूरकडून आपल्या गोष्टी घेऊन आली ती यामुळेच. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट अजून पडद्यावर यायचा होता. बार्शीच्या विनोद कांबळे यांचा ‘कस्तुरी’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला.

पण चित्रण स्वस्त झालं की ते वाढतं आणि वाढलेलं चित्रण वेळ खातं. एखाद्या माहितीपटाचे दोनशे तासांचे रशेस, म्हणजे कच्चं चित्रण, जमले असं धरा. ते नुसते एकदा पाहायचे म्हटले, तर रोज आठ तास बसून पंचवीस दिवस लागतात. मग प्रत्येक संभाषण शब्दशः उतरवून घ्यायचं आणि बोली वेगळी असेल तर त्या भागातला माणूस शोधून अर्थ लावायचा. हार्ड डिस्कच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवायच्या. जुनं वृत्तचित्रण किंवा गाणं वापरायचं तर हक्कांसाठी दारोदार फिरायचं. त्यानंतर ध्वनीचं काम, रंगांचं काम, उपशीर्षकं आणि शेवटी थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत. यातला एकही टप्पा कॅमेऱ्याच्या किमतीबरोबर स्वस्त झालेला नाही. छोट्या संस्थेत ही सगळी कामं दोन-तीन माणसांवर पडतात आणि त्या काळात त्यांचं घरभाडं थांबत नाही.

विषयालाही स्वतःचा वेळ लागतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांनी तिथून चित्रण सुरू केलं आणि ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पुरा झाला. खटला रेंगाळला, राजकारण बदललं, नवे शाहीर उभे राहिले आणि त्यांच्यावरही कारवाई झाली. चौदा वर्षांनंतरच या सगळ्याचा अर्थ लागला. सहा महिन्यांत उरकला असता, तर तो माहितीपट एका घटनेची बातमी होऊन राहिला असता.

‘अगेन्स्ट द टाइड’ची घडणही तशीच आहे. दोन कोळी मित्रांपैकी एक किनाऱ्यालगत पारंपरिक पद्धतीने मासेमारी करतो, दुसरा कर्ज काढून खोल समुद्रात एलईडी दिव्यांच्या मासेमारीकडे वळतो. समुद्रातला मासा कमी होत जातो तशी मैत्रीही ताणली जाते. हे ताणणं मुलाखत घेऊन टिपता येत नाही. कॅमेरा घरात, होडीवर, बारशाला आणि भांडणालाही हजर असावा लागतो. माणसं त्याची दखल घेईनाशी होईपर्यंत तिथे राहण्याचे पैसे कोणी तरी भरावे लागतात.

पैसा कुठून येतो?

पहिला मार्ग घरचा. भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी शेतजमीन विकली, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत दाद मिळाली आणि त्यांचा पुढचा मार्ग खुला झाला. या धाडसाला मानाचा मुजरा करावा तितका थोडा. पण जमीन विकून चित्रपट करणं ही व्यवस्था होऊ शकत नाही. ज्याच्याकडे विकायला जमीन नाही, त्याची गोष्ट मग कोणी सांगायची? आणि ज्यांची जमीन गेली, पण चित्रपट चालला नाही, त्यांची नावं आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत.

दुसरा मार्ग जोडधंद्याचा. बहुतेक छोट्या संस्था कंपन्यांसाठी, सामाजिक संस्थांसाठी, सरकारी खात्यांसाठी फिल्म करून भाडं आणि पगार भागवतात आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम पुढे रेटतात. दिल्लीतली ‘ब्लॅक टिकट फिल्म्स’ ही रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांची संस्था अशाच वाटेने उभी राहिली. बुंदेलखंडातल्या दलित स्त्रियांच्या ‘खबर लहरिया’ या वृत्तपत्रावरचा त्यांचा ‘रायटिंग विथ फायर’ काही वर्षांच्या चित्रणातून घडला आणि २०२२ मध्ये ऑस्करच्या अंतिम नामांकनात पोहोचला. या मार्गात संस्थेची शिस्त टिकते, हात चालता राहतो. धोका एवढाच की पोटापाण्याच्या कामाची तारीख ठरलेली असते आणि स्वतःच्या चित्रपटाची नसते, त्यामुळे मागे पडतो तो नेहमी स्वतःचा चित्रपट.

तिसरा मार्ग एखाद्या जाणत्या पाठीराख्याचा. ‘कोर्ट’चे निर्माते विवेक गोंबर यांनी ताम्हाणे यांना पटकथा लिहिण्याच्या काळात दरमहा ठरावीक रक्कम दिली. पुढे रॉटरडॅमच्या ह्यूबर्ट बाल्स फंडाची मदत मिळाली. ताम्हाणे न्यायालयांत बसून कामकाज पाहू शकले, कलाकार शोधण्यात बराच काळ घालवू शकले. नारायण कांबळे या शाहिराच्या भूमिकेसाठी त्यांनी नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांना घेतलं. न्यायालयातल्या कंटाळ्यातून निर्दयता उभी करणारी ती नजर या मोकळ्या वेळातून आली आहे. लेखनाच्या काळात मिळालेल्या लहानशा रकमेने एवढं काम केलं, ही या आढाव्यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची नोंद आहे.

चौथा मार्ग सरकारी अनुदानाचा. दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी महाराष्ट्र शासनाची योजना आहे. समितीने चित्रपट पाहून दर्जा ठरवायचा आणि ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये द्यायचे, अशी तिची रचना राहिली आहे. अनेक निर्मात्यांना या योजनेने बुडण्यापासून वाचवलं. मात्र हा पैसा चित्रपट पुरा होऊन सेन्सॉर झाल्यानंतर येतो. तोवरचा खर्च उसनवारीवर चालतो आणि हातात पडलेली रक्कम बऱ्याचदा व्याजासकट देणी फेडण्यातच जाते. शिवाय योजनेचा भर पूर्ण लांबीच्या कथापटांवर आहे, त्यामुळे माहितीपट करणाऱ्याच्या हाती तिच्यातून फारसं काही लागत नाही.

पाचवा मार्ग परदेशी निधी आणि सहनिर्मितीचा. ह्यूबर्ट बाल्स, अॅमस्टरडॅमच्या इड्फा महोत्सवाचा बर्था फंड, सनडान्सचा माहितीपट निधी ही नावं आता इथल्या निर्मात्यांच्या बोलण्यात रोज येतात. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने एनएफडीसीने २००७ पासून फिल्म बाजार भरवायला सुरुवात केली आणि परदेशी निर्मात्यांशी गाठ पडण्याची जागा आपल्याच दाराशी आली. पायल कपाडिया यांचा, २०२४ मध्ये कानचं ग्रांप्री मिळवणारा आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर शेवटाला जाणारा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ फ्रेंच सहनिर्मितीतून उभा राहिला. या निधींनी आपल्या चित्रपटांना विचार करायला उसंत दिली, हे ऋण मान्य करायलाच हवं.

त्याचबरोबर त्यांची अटही ओळखावी लागते. अर्ज इंग्रजीत, पिचिंग इंग्रजीत, आणि सात मिनिटांत गडचिरोली किंवा मराठवाडा परक्या माणसाला समजावून सांगायचा. ज्याला हे जमतं त्याला निधी मिळतो. ज्याची गोष्ट मोलाची आहे, पण जो फक्त मराठीत बोलतो, तो पहिल्याच पायरीवर थांबतो. मराठीत अर्ज करता येईल असा लेखननिधी आपल्याकडे उभा राहिला, तर ही अडचण बरीच दूर होईल.

परवानग्यांचा डोंगर

१९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने सार्वजनिक प्रदर्शनासाठी कथापट आणि माहितीपट दोन्हींनाही प्रमाणपत्र लागतं. मोठ्या निर्मात्याकडे हे काम पाहणारी माणसं असतात. छोट्या संस्थेत दिग्दर्शकच अर्ज भरतो. गावात चित्रीकरण करायचं आणि गोष्टीत बैल, शेळी, कोंबडी असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी वेगळी. ग्रामीण चित्रपटात जनावर नाही असं क्वचितच होतं, त्यामुळे हा खर्च खेड्यातल्या गोष्टीवरच अधिक पडतो. प्राण्यांचं रक्षण व्हायलाच हवं. प्रक्रिया सोपी आणि आपल्या भाषेत असावी, एवढीच मागणी आहे.

राजकीय माहितीपटांचा अनुभव जास्त कडू आहे. अणुचाचण्यांनंतरच्या काळावरच्या पटवर्धन यांच्या ‘जंग और अमन’मध्ये सेन्सॉरने काटछाट सुचवली. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती रद्द केली. पुढच्या वर्षी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात भारतीय प्रवेशिकांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं करण्याचा प्रयत्न झाला. निर्मात्यांनी एकजूट केली, सक्ती मागे घेतली गेली. नंतर अनेक महत्त्वाचे माहितीपट निवडीत वगळल्याचं दिसलं, तेव्हा त्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. गुजरात दंगलीवरच्या राकेश शर्मा यांच्या ‘फायनल सोल्यूशन’च्या प्रती याच काळात हातोहात देशभर फिरल्या.

तेव्हा निर्मात्यांकडे निदान अपिलासाठी चित्रपट प्रमाणपत्र अपील लवाद होता. २०२१ मध्ये तो रद्द झाला. आता सेन्सॉर मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर थेट उच्च न्यायालय. न्याय तिथेही मिळतो, पण वकिलाची फी आणि तारखांचा काळ दोन माणसांच्या संस्थेने कुठून आणायचा? अशा वेळी काही जण चित्रीकरणाआधीच अवघड विषय बाजूला ठेवतात. या न झालेल्या माहितीपटांची मोजदाद कोणाकडे नाही आणि नुकसान सगळ्या समाजाचं आहे.

प्रेक्षकापर्यंतचा शेवटचा टप्पा

चित्रपट पुरा झाला म्हणजे अर्धं काम झालं. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगाव या त्यांच्या स्वतःच्या गावात, तिथल्याच माणसांना घेऊन घडला. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाचं असं रोखठोक चित्रण मराठीत क्वचित झालं आहे. टोरंटो महोत्सवात त्याला २०२३ मध्ये नेटपॅक पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातल्या थिएटरांत तो मार्च २०२५ मध्ये लागला, तोही सचिन पिळगावकरांसारखं परिचित नाव सोबत उभं राहिल्यावर. ‘साबर बोंडं’ सप्टेंबर २०२५ मध्ये इथे प्रदर्शित झाला, तेव्हा तेलुगू अभिनेते राणा दग्गुबाती यांच्या संस्थेने वितरण हाती घेतलं होतं. जगभर गाजलेल्या मराठी चित्रपटाला महाराष्ट्रात आणायला हैदराबादचा वितरक पुढे येतो, यात त्या वितरकाचं कौतुक आहे आणि आपल्यासाठी विचार करण्याजोगं बरंच काही आहे.

मल्टिप्लेक्समध्ये छोट्या चित्रपटाला खेळ मिळतो तो सकाळी साडेनऊला किंवा दुपारी, तेही दूरच्या उपनगरात. राज्य सरकारने २०१५ मध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइम देण्याचा आग्रह धरला, त्यावर मोठा वादही झाला. पण नियमाने खेळ मिळाला तरी पोस्टर, जाहिरात आणि पडद्यावर फिल्म पोहोचवण्याचं डिजिटल शुल्क निर्मात्याच्याच माथी राहतं. तोंडी प्रसिद्धी व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात. चित्रपट त्याआधीच शुक्रवारच्या नव्या खेळांसाठी उतरवला जातो.

ओटीटीमुळे हे सुटेल असं वाटलं होतं. ‘द डिसायपल’ २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, ‘पिकासो’ अॅमेझॉनवर, सुमित्रा भावे यांचा ‘दिठी’ त्यांच्या निधनानंतर सोनी लिव्हवर. काही चित्रपट खरोखरच घराघरांत पोचले. पण ओटीटी कंपन्या निवड करताना नावाजलेले चेहरे पाहतात, आणि सामाजिक-राजकीय माहितीपटांकडे त्यांचा कल नाही. ज्यांच्या नावावर आंतरराष्ट्रीय पुरस्कार आहेत असे भारतीय माहितीपटही इथल्या प्रेक्षकाला सहज पाहायला मिळत नाहीत.

म्हणून थिएटर आणि ओटीटी यांपलीकडच्या तिसऱ्या वाटेकडे, म्हणजे फिल्म क्लब आणि गावोगावच्या प्रदर्शनांकडे, गांभीर्याने पाहायला हवं. १९६८ पासून चालणारं मुंबईचं प्रभात चित्र मंडळ, पुण्याचा आशय फिल्म क्लब, कोल्हापूरचे महोत्सव, मुंबईच्या पृथ्वी थिएटरमधली ‘विकल्प’ची मासिक प्रदर्शनं यांनी चांगला चित्रपट पाहणारे प्रेक्षक घडवले. ‘जय भीम कॉम्रेड’ आधी वस्त्यांमध्ये दाखवला गेला आणि तिथे माणसांनी तो रात्री उशिरापर्यंत उभं राहून पाहिला. डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंशावरचा ‘अस्तु’ आणि नैराश्यावरचा ‘कासव’ डॉक्टर, शिक्षक, ज्येष्ठ नागरिक आणि विद्यार्थी यांच्यासमोर नेले आणि प्रत्येक खेळानंतर प्रेक्षकांशी चर्चा केली. थिएटरमध्ये एका आठवड्यात विरला असता असा चित्रपट त्यामुळे वर्षानुवर्षं कामात येत राहिला.

अशा प्रदर्शनांची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात जत्रेजत्रेत फिरणारे तंबू टॉकीज आहेत. ट्रकवर बांधलेला प्रोजेक्टर, खड्डे खणून उभारलेला तंबू, अंधार पडायची वाट पाहत बसलेली लेकुरवाळी गर्दी, आणि बिघडलेल्या यंत्राशी रात्रभर झटणारा ऑपरेटर हे सगळं त्यात अगदी जवळून दिसतं. पुढे रिळांच्या जागी डिजिटल यंत्र येतं आणि तंबूवाल्याला नवं कौशल्य शिकावं लागतं. तिकीट काढून एकत्र बसून पाहण्याची भूक या गावांमध्ये होती आणि आहे. तिच्यापर्यंत चांगला चित्रपट नेणारी यंत्रणा मात्र आपण उभी केलेली नाही.

झालेलं जपायचं कसं?

‘राजा हरिश्चंद्र’चा आज काही भागच शिल्लक आहे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, त्याने पुष्कळ वाचवलं. पण छोट्या संस्थांचं काम बहुधा घरच्या कपाटात असतं. ‘युगांतर’च्या फिल्मचं पुनरुज्जीवन बर्लिनच्या अर्सेनाल या संस्थेत झालं. पुण्याच्या घरकामगार बायकांचा आवाज जर्मनीत नीट झाला, ही त्या संस्थेची मोठी कामगिरी आहे. आजच्या माहितीपटांचे शेकडो तासांचे रशेस हार्ड डिस्कवर आहेत आणि हार्ड डिस्क काही वर्षांत बंद पडते. त्या रशेसमध्ये गिरणगाव आहे, दुष्काळ आहे, धरणग्रस्तांची गावं आहेत, संपावर गेलेल्या माणसांचे चेहरे आहेत. उद्याच्या इतिहासकाराला ते लागणार आहेत.

काय करता येईल?

या आढाव्यातून चार गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली, मदत चित्रपट झाल्यावर देण्याबरोबरच तो घडण्याआधीही द्यावी. लेखनासाठी आणि विषयात राहून काम करण्यासाठी वर्षभराची छोटी शिष्यवृत्ती राज्याने सुरू करावी, तिचा अर्ज मराठीत असावा आणि माहितीपटांसाठी तिच्यात स्वतंत्र वाटा राखावा. अनुदानाच्या एका मोठ्या हप्त्यात अशा कितीतरी शिष्यवृत्त्या बसतील.

दुसरी, जिल्ह्याजिल्ह्यांत नाट्यगृहं, ग्रंथालयं आणि महाविद्यालयांची सभागृहं आहेत. तिथे चांगला प्रोजेक्टर आणि बरी ध्वनियंत्रणा बसवून महिन्यातून ठरलेल्या दिवशी स्वतंत्र चित्रपट दाखवता येतील. ही प्रदर्शनं फुकट असू नयेत. तिकीट कमी ठेवावं आणि त्यातला ठरलेला वाटा निर्मात्याला मिळावा. माहितीपट फुकट पाहायचा असतो ही समजूत आपण सगळ्यांनी मिळून मोडायला हवी.

तिसरी, प्रमाणपत्राविरुद्ध दाद मागण्यासाठी न्यायालयाआधीची स्वस्त आणि जलद पायरी पुन्हा असावी. चौथी, सार्वजनिक निधीतून झालेल्या प्रत्येक चित्रपटाची आणि त्याच्या रशेसची प्रत संग्रहालयात जमा व्हावी आणि त्या साठवणुकीचा खर्च संग्रहालयाने उचलावा.

यात आपण प्रेक्षकही येतो. पुरस्काराची बातमी पुढे पाठवणं सोपं आहे. पहिल्या आठवड्यात तिकीट काढून जाणं, फिल्म क्लबची वर्गणी भरणं, आपल्या शाळेत किंवा सोसायटीत मानधन देऊन माहितीपट लावणं याने निर्मात्याच्या खात्यात पैसे जमा होतात.

१९८५ मध्ये सुमित्रा भावे या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अभ्यासाच्या गरजेपोटी झोपडपट्टीतल्या एका स्त्रीवर ‘बाई’ हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग ‘पाणी’ झाला, ‘दोघी’ झाला, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘अस्तु’, ‘कासव’ झाले. सुनील सुकथनकर यांच्या साथीने ‘विचित्र निर्मिती’ ही पुण्यातली छोटी संस्था साडेतीन दशकं काम करत राहिली. त्यांचं प्रत्येक पुढचं काम आधीच्या कामावर उभं राहिलं आणि मराठी चित्रपटाला त्यातून एक स्वतःची, समंजस नजर मिळाली. एका पुरस्काराने ती घडली नसती. आपल्या स्वतंत्र चित्रपटाची प्रगती मोजायची असेल, तर किती जणांना परदेशात पारितोषिक मिळालं एवढंच मोजून भागणार नाही. किती संस्थांना दुसरा, तिसरा, दहावा चित्रपट करता आला, हा आकडा वाढवणं आपल्या हातात आहे आणि त्यासाठी लागणारा पैसा, जागा आणि प्रेक्षक या महाराष्ट्रात आहेत.